वॉल्थम ॲबीची दारू-घाणी : दीड कप्प्याच्या चालत्या प्रतिकृतीच्या नोंदी

२ जून

आज लाकूड आणलं, टेबल मोकळं केलं. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात, ली नदीकाठी वॉल्थम ॲबी इथे बंदुकीच्या दारूचा सरकारी कारखाना होता. तिथली 'ग्रुप सी' ही १८६१ सालची घाण्यांची इमारत अजून उभी आहे. मधे वाफेच्या इंजिनाचं घर आणि त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन कप्पे, अशा एकूण सहा घाण्या. त्यातला एक पूर्ण कप्पा आणि शेजारचा अर्धा कप्पा १:१२ मापात करायचा, आणि तो चालता करायचा, असं ठरवलंय.

'घाणी' हा शब्द मी विचार करून घेतलाय. चुन्याची घाणी आठवा. गोल चर, त्यात उभं दगडी चाक आणि चाकाखाली रगडला जाणारा चुना. दारूची घाणी हेच यंत्र, फक्त चाकं दोन असतात आणि ती चरात न फिरता सपाट गोल पाटावर फिरतात. एका वेळी पाटावर जो माल पडतो त्याला मी 'घाणा' म्हणणार आहे.

सोरा, गंधक आणि कोळसा हे तिन्ही घटक घाणीत येण्याआधीच वेगवेगळे दळलेले आणि हलक्या हाताने एकत्र केलेले असत. घाणीचं काम त्यापुढचं. ओलसर मिश्रण तासन् तास घोटायचं, इतकं की कोळशाच्या प्रत्येक कणाला सोरा आणि गंधक चिकटून बसावेत. दारूची ताकद या घोटाईवर ठरते. प्रमाण तेच ठेवून कमी घोटलेली दारू नुसती फुरफुरते.

६ जून

आडव्या भिंतींचं मोजमाप. छायाचित्रांमधले विटांचे थर मोजले. इंग्लिश बांधकामात चार थर म्हणजे साधारण एक फूट, आणि माझ्या मापात एक फूट म्हणजे एक इंच. संध्याकाळपर्यंत कागदावर एक उभा छेद तयार झाला.

कप्प्या-कप्प्यांमधल्या भिंती केवढ्या जाड आहेत! छायाचित्रात पाहताना आधी लक्ष जातं ते त्यांच्याकडेच. त्यामुळे पहिल्यांदा त्याच करायला घेतल्या. पाइनच्या फळ्यांवर विटांच्या रेघा कोरतोय. वेळखाऊ काम, पण मन लागतं.

११ जून

चाकं. मूळची लोखंडी, सुमारे ६ फूट व्यासाची, एकेक ४ टनांच्या आसपास. मापात व्यास ६ इंच. वजन मात्र बाराने भागून चालत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही बाराने कमी झाल्या की वजन १२×१२×१२, म्हणजे १,७२८ ने कमी होतं. चार टनांचे सव्वादोन-अडीच किलो उरतात. लाकडाच्या चकत्या जोडून, आत पोकळ्या करून शिसं भरलं आणि काट्यावर दोन्ही चाकं जुळवून घेतली. एक चाक चाळीस ग्रॅमने जड होतं. ते कोरून हलकं केलं.

१४ जून

आज हाताने काम नाही, वाचन.

घाणीच्या आधी उखळ-मुसळाच्या गिरण्या होत्या. पाणचक्रावर चालणारी लाकडी मुसळं ओळीने उखळात आपटत राहायची आणि दारू कुटली जायची. कुटताना कधी ठिणगी पडेल याचा नेम नसे. ब्रिटिश संसदेने १७७२ च्या कायद्याने या मुसळगिरण्यांवर बंदी आणली. ससेक्समधल्या काही ठिकाणी शिकारीची बारीक दारू करणाऱ्यांना तेवढी सूट मिळाली. त्यानंतर उभ्या चाकांची घाणी हाच इंग्लंडमधला रिवाज झाला.

तिची जुनी, पाण्यावर चालणारी जोडी केंट परगण्यात फॅवरशमला शाबूत आहे. चार्ट गिरण्या असं नाव. अठराव्या शतकातली ही गिरणी म्हणजे मधे एक पाणचक्र आणि त्याच्या दोन बाजूंना एकेक घाणी. फॅवरशमची दारू १९३४ साली बंद झाली. पुढे जागा मोकळी करण्याच्या पाडकामात बाकीचं बरंच गेलं. उरलेली जोडी १९६६ मध्ये फॅवरशम सोसायटीच्या लोकांनी वाचवली आणि दुरुस्त केली. ती छायाचित्रं मी आज तासभर पाहत बसलो. माझी इमारत तिच्यापेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी लहान, पण यंत्राचा गाभा तोच. पाण्याच्या जागी वाफ आली आणि दगडाच्या जागी लोखंड.

२० जून

जमिनीखालचा शाफ्ट बसवला. वाफेच्या इंजिनाची फिरकी सहाही घाण्यांपर्यंत न्यायची ती जमिनीखालच्या बोगद्यातून. प्रत्येक कप्प्याखाली बेव्हल गिअरची, म्हणजे फिरकी काटकोनात वळवणाऱ्या तिरप्या दातांच्या चाकांची जोडी, तिथून उभा दांडा पाटाच्या मधोमध वर येतो आणि चाकांचा आस फिरवतो. असं करण्याचं कारण बोगदा कापताना नीट उमगलं. गिअरचे दात, तेल, धातूवर धातू घासणं, हे सगळं दारूच्या धुळीपासून दूर, खाली राहतं. वर उरतात फक्त चाकं आणि पाट.

भट्टी, बॉयलर आणि धुराडं दारूच्या घरापाशी आणायचं, हा निर्णय त्या काळच्या अभियंत्यांनी किती जपून घेतला असेल! आग इमारतीच्या मध्यभागी आणि मागे, दारू दोन्ही पंखांत, दोघांमध्ये भिंत, आणि दोघांना जोडणारी एकच गोष्ट, जमिनीखालचा फिरता दांडा.

माझ्याकडे भट्टी नाही, गिअरची छोटी मोटर आहे. मिनिटाला ८ फेऱ्यांवर लावली. मूळ घाण्या साधारण याच गतीने फिरत. फेऱ्या मात्र मापाने कमी करायच्या नसतात.

२७ जून

पहिल्यांदा घाणी चालवली. घाणा म्हणून लाकडाचा अगदी बारीक भुसा, काळा रंगवलेला, पाण्याने ओलसर केलेला. (दारूचे घटक या घरात येणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरवलंय. घोटाई समजून घ्यायला भुसा पुरतो.)

पाच मिनिटांत माझी घाणी नापास झाली. दोन्ही चाकं मी केंद्रापासून सारख्याच अंतरावर बसवली होती. दोन्ही एकाच वाटेवरून फिरली. त्या वाटेवरचा भुसा कागदासारखा चपटा झाला, आतला आणि बाहेरचा तसाच कोरडा, सैल पडून राहिला. शिवाय चाकाखालून भुसा दोन्ही बाजूंना सरकत गेला आणि शेवटी चाक उघड्या पाटावर आलं. टक्, टक्.

तो आवाज ऐकून मी मोटर बंद केली. खऱ्या घाणीत सगळ्यांत जास्त धसका याचाच असे. चार टनांचं चाक उघड्या पाटाला भिडणं, किंवा घाण्याच्या गठ्ठ्यावर चढून धाडकन खाली येणं. मालात खड्याचा एक कण असेल तर त्याच क्षणी सगळं उडे.

मग जुन्या वर्णनांत जे वाचलं होतं ते अक्षरशः पाळलं. एक चाक केंद्राजवळ, दुसरं थोडं बाहेर. दोघांच्या वाटा एकमेकींवर थोड्याशा चढतात, पण एक होत नाहीत. आणि चाकांबरोबर फिरणारे दोन लाकडी फाळ. एक आतल्या कडेचा माल बाहेर ढकलतो, दुसरा बाहेरचा आत. शेतातला फाळ माती उलथतो तसाच हा घाणा उलथतो, पुन्हा चाकापुढे आणून टाकतो.

रात्री साडेनऊला परत चालवली. वीस मिनिटं पाहत उभा राहिलो. भुसा सारखा पसरलेला, चाकाखाली कायम एक थर, पाट कुठेही उघडा नाही.

आणखी एक गोष्ट डोळ्यांनी दिसली, जी वाचून कधीच पटली नव्हती. एवढं रुंद चाक इतक्या लहान वर्तुळात फिरतं तेव्हा ते नुसतं लोळत नाही. त्याच्या आतल्या कडेला कमी अंतर कापायचं असतं, बाहेरच्या कडेला जास्त, पण चाक तर एकच. म्हणून प्रत्येक क्षणी ते थोडं घसरतं, पीळ देतं. त्या घसरण्यातच घोटाई आहे. वैद्य खलात बत्ता फिरवताना मनगट वळवतो, ते वळण चाकाच्या रुंदीतून येतं. चार तास घाणी चालली तर ८×६०×४, म्हणजे १,९२० फेऱ्या. प्रत्येक फेरीत हे वळण.

२८ जून

फाळांची उंची अर्ध्या मिलिमीटरने वाढवली. आता घासत नाहीत.

४ जुलै

काल भाचीने विचारलं, "मामा, दारूला दारूच का म्हणतात? पिण्याची आणि बंदुकीची, दोन्ही?"

शब्द फारसीतून आला, तिथे 'दारू' म्हणजे औषध. चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूच्या नावाचा अर्थ 'अग्नि-औषध' असाच होतो. घोटणं, खल, औषध हे शब्द आणि कृती इतक्या जवळ आहेत हे मला तिला सांगता सांगताच सुचलं.

दारूत वजनाने तीन चतुर्थांश सोरा असतो, आणि ब्रिटिशांचा सोरा प्रामुख्याने बिहारमधून येई. वस्त्यांच्या, गोठ्यांच्या आसपासच्या खारट मातीवर पांढरी बुरशीसारखी पूड येते. नोनिया समाजाची माणसं ती माती खरवडायची, पाण्यात विरघळवायची, गाळायची, आटवायची. मग पाटण्याहून गंगेने कलकत्ता आणि तिथून जहाजाने लंडन. ईस्ट इंडिया कंपनीच्या १६९३ च्या सनदेत इंग्लंडच्या शस्त्रखात्याला दरसाल ५०० टन सोरा पुरवण्याची अट होती.

म्हणून या प्रतिकृतीच्या पायथ्याशी एक छोटी गोणी ठेवायची ठरवलीय. इंग्लंडमधल्या विटांच्या भिंतींमध्ये जे घोटलं गेलं त्याचा मोठा वाटा कुणाच्या तरी हातांनी बिहारच्या मातीतून खरवडलेला होता. इमारत दाखवायची आणि ती माणसं वगळायची, हे मला जमणार नाही.

९ जुलै

आज मोठी चूक सापडली आणि जवळजवळ सगळं पुन्हा आखावं लागलं.

आजवर मी इमारत आज दिसते तशी करत होतो. समोरची भिंत करताना अडलो. वेगवेगळ्या वर्षांच्या छायाचित्रांत समोरची बाजू वेगवेगळी दिसते. कारण साधं आहे. काळी दारू मागे पडल्यावर इमारतीला दुसरी कामं लागली, आणि हलके भाग बदलत गेले. विटांच्या आडव्या भिंती तेवढ्या राहिल्या.

पण १८६१ ची घाणी पाहायची असेल तर हलके भाग हाच तिचा अर्धा आराखडा आहे. तीन बाजूंना जाड भिंती, चौथी बाजू आणि छप्पर मुद्दाम कच्चं. लाकडाची चौकट, पातळ फळ्या, कापड. आतला घाणा पेटलाच तर दाब सगळ्यात अशक्त जागेतून बाहेर पडतो. ती अशक्त जागा कुठे असावी हे बांधणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं. स्फोट रोखायला गेलं तर भिंतच फुटते आणि विटा गोळ्यांसारख्या उडतात. मोकळी वाट दिली तर छप्पर आणि पुढची बाजू जाते, भिंती उभ्या राहतात, शेजारची घाणी वाचते, आणि थोड्याच दिवसांत सुताराने नवी बाजू ठोकली की काम पुन्हा सुरू.

अमेरिकेत डेलावेअरला, ब्रँडीवाइन नदीकाठी, ड्यू पाँ कंपनीच्या १८०२ साली सुरू झालेल्या दारूच्या कारखान्यातही हीच रीत आहे. तीन बाजूंना दगडी भिंती आणि नदीकडची बाजू व छप्पर हलकं. तिथल्या भिंती आजही ओळीने उभ्या आहेत, नदीकडे तोंड करून, पुढची बाजू उघडी. तिथे स्फोटात कामगार गेला की 'तो नदीपलीकडे गेला' असं म्हणत.

म्हणजे काळाने जड भाग ठेवला आणि हलका नेला. आज बघणाऱ्याला वाटतं, केवढी भक्कम इमारत! तिची अर्धी अक्कल नेमकी त्या भागात होती जो आता नाही. मी दोन आठवडे विटांच्या रेघा कोरत बसलो त्याचं वाईट वाटत नाही, पण प्रतिकृतीचा मान आता पुढच्या बाजूला. पाइनच्या पातळ पट्ट्या, त्यावर सुती कापड. छपराला फक्त दोन खिळे.

१० जुलै

भाची आली तेव्हा कापड चिकटवत होतो. "मामा, एवढी मेहनत करून भिंत कापडाची करतोस?"

"अगं, ती उडावी म्हणूनच."

तिने थोडा वेळ पाहिलं आणि कात्री घेऊन दुसऱ्या कप्प्याचं कापड कापायला बसली.

१७ जुलै

पाण्याची डोण. या इमारतीतला माझा सर्वांत आवडता भाग, म्हणून आज सविस्तर लिहितो.

प्रत्येक घाणीच्या वर एक डोण टांगलेली असे. तांब्याची, सुमारे ४० गॅलनची, म्हणजे १८० लिटर पाणी. तिच्याजवळ एक सपाट फळी, झडपेसारखी. घाणा भडकला की झोत वर येतो, फळी उचलली जाते, आणि डोण उलटते. पण गंमत पुढे आहे. सगळ्या डोणी एका लांब दांड्याने जोडलेल्या असत. एका घाणीवरची फळी उडाली की शेजारच्या घाण्यांवरच्या डोणीही त्याच वेळी उलटत.

जी घाणी पेटली तिला पाणी उशिरा पोचतं, तिथला घाणा तर गेलाच. वाचवायचं असतं शेजारणीला. छपरं कापडाची, हलकी. एका कप्प्यातून उडालेले जळते तुकडे शेजारच्या कप्प्यात पडायला क्षणभर लागतो. तेवढ्यात तिथला घाणा चिंब भिजून गेलेला असला की पुढचं टळतं. भिंती शेजारणीला धक्क्यापासून वाचवतात आणि डोण ठिणगीपासून.

मापात १८० लिटरचे साधारण १०४ मिलिलिटर होतात. पितळी पत्र्याची डोण केली, दोन्ही टोकांना कुसू (ज्यांवर ती झुलते त्या खुंट्या), आणि गुरुत्वमध्य कुसवांच्या किंचित वर. भरलेली असताना ती उभी राहते, पण जेमतेम. हलका धक्का बसला की स्वतःच उलटते.

२१ जुलै

डोण जरा जास्तच जेमतेम झाली होती. टेबलाला कोपर लागलं आणि दोन्ही डोणी रिकाम्या. पाणी थेट बोगद्यात, मोटर भिजली. सुकवली, चालतेय. आता डोणीखाली छोटा अडसर आहे, फळी उचलली तरच सुटतो.

दुसरी अडचण जोडदांड्याची. पहिली डोण उलटली की दुसरी अर्ध्या सेकंदाने हलायची. पातळ तार वापरली होती, ती पिळली जात होती. तीन मिलिमीटरची सळई घातली. आता दोन्ही एकदम. खऱ्या इमारतीत हा दांडा सगळ्या कप्प्यांवरून जायचा. तो किती जाड आणि ताठ असावा यावर कुणीतरी असंच डोकं खाजवलं असणार.

२६ जुलै

माणसांच्या आकृत्या करायच्या की नाही? घाणी चालू असताना तिथे कुणी थांबत नसे. पाणी शिंपडायला, घाणा पाहायला आत जायचं आणि लगेच बाहेर. अंगात बिनखिशाचे कपडे, पायांत वेगळे जोडे, हातातली हत्यारं तांब्याची किंवा लाकडाची. घाणा लहान आणि माणूस दूर, म्हणून घाण्या अधूनमधून उडाल्या तरी जीव सहसा वाचत.

मोठे घात दुसरीकडे झाले. घोटलेल्या वड्या दाबून, फोडून त्यांचे दाणे करायचे त्या घरांत. तिथे माल जास्त आणि माणसं जवळ. वॉल्थम ॲबीतच एप्रिल १८४३ मध्ये दाणे पाडण्याच्या घरांत स्फोट झाला आणि ७ माणसं गेली. ती घरं उरली नाहीत. घाण्यांची इमारत उरली. उरलेल्या इमारतीकडे पाहून या धंद्याचा धोका मोजायला गेलं तर तो कमीच भरेल.

आकृत्या करायच्या नाहीत असं ठरवलं. कप्पा रिकामा, फक्त दाराबाहेर जोड्यांचे दोन जोड, एक आतले, एक बाहेरचे.

इमारतीच्या कडेला कालव्याची एक पट्टी केलीय. कारखान्यात दारू एका घरातून दुसऱ्या घरात नेत ती होडीने. रस्त्यावरचा दगड, नालेचा घाव, चाकाचं हादरणं, यातलं काहीच पाण्यावर नाही. काठाला वाळुंज आणि आल्डरची झाडं. त्यांचा कोळसा दारूत जाई आणि उभी असेपर्यंत तीच दोन घरांमध्ये आडोसा होत.

३ ऑगस्ट

चाचणी. सायकलचा पंप, त्याची नळी पाटाखालून वर आणलेली. डोणीत पाणी, पाटावर भुसा, मोटर चालू. भाची मोबाइलवर चित्रण करायला उभी.

पहिला झटका कमी पडला. फळी उचलली, डोणी उलटल्या, पण कापड फक्त फुगलं. छपराचे खिळे सैल केले. दुसऱ्या झटक्याला छप्पर वर गेलं, पुढची बाजू खालून सुटून टेबलावर आडवी पडली, आणि शेजारच्या अर्ध्या कप्प्यात पाणी धबाधबा कोसळलं.

चित्रण सावकाश करून पाहिलं. आधी फळी, मग छप्पर, मग पुढची बाजू. शेजारचा भुसा भिजला तेव्हा या कप्प्यातलं कापड अजून हवेत होतं. विटांच्या भिंतीला धक्का नाही. रेघांमधला चुन्याचा रंगही निघाला नाही.

पुढच्या बाजूच्या दोन पट्ट्या मोडल्यात. उद्या नव्या कापायच्या. भाची म्हणाली, "मामा, दहा-बारा जादाच्या करून ठेवूया." केल्यात. डबा प्रतिकृतीशेजारीच ठेवणार आहे.